मिस्टरांची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर

पत्र :

ताई, नमस्कार. माझं वय ३१. माहेर तासगावकडचं, सासर विट्याजवळच्या गावात. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. मिस्टर गलाईत, म्हणजे सोनं-चांदी वितळवायच्या धंद्यात आहेत, तमिळनाडूत दुकान आहे. पहिली चार वर्षं मी गावी सासू-सासऱ्यांजवळ होते, ते दिवाळीला आणि यात्रेला यायचे. मग दीड वर्ष मी त्यांच्याकडे राहिले. तरी काही झालं नाही म्हणून आठ महिन्यांपूर्वी सासूबाईंनी उपचारासाठी मला गावी आणलं. सोनोग्राफी, थायरॉईड, गर्भनळ्यांची तपासणी झाली. नळ्या मोकळ्या आहेत. एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) १.४ आलं, तेव्हापासून एका दवाखान्यात 'वेळ घालवू नका, टेस्ट ट्यूब बेबी करा' असं सांगतात. दर महिन्याला अंडं फुटतं का ते बघायची सोनोग्राफी चालू आहे. मिस्टरांची तपासणी झालेली नाही. 'आमच्या घराण्यात तसलं काही नाही,' असं सासूबाई म्हणतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी मोबाईलवर व्हिडिओ बघते, प्रत्येकजण वेगळंच सांगतो. सासूबाईंनी एका वैदूचं औषध आणून ठेवलंय, त्यानं मुलगाच होतो म्हणे. घरात एकदा दुसऱ्या लग्नाचा विषयही निघाला. पुढच्या महिन्यात जाऊबाईंचं डोहाळजेवण आहे, तर मला 'तू जरा बाजूलाच राहा' असं आत्ताच सांगून ठेवलंय. खरी माहिती कुठे मिळेल? आणि मी बोलू कुणाशी?
— एक वाचक, विटा परिसर

उत्तर :

तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मिस्टरांच्या तब्येतीबद्दल एकच वाक्य आहे, तपासणी झालेली नाही. मला सगळ्यात आधी त्याच वाक्याबद्दल बोलायचंय. तुम्ही रात्र-रात्र जागून जी माहिती शोधताय, तिचा निम्मा भाग तुमच्या नवऱ्याच्या शरीरात आहे आणि तो अजून कुणी पाहिलेलाच नाही. तो हातात येईपर्यंत कोणता व्हिडिओ खरा आणि कोणता खोटा हे तुम्हालाच काय, निष्णात डॉक्टरलाही ठरवता येणार नाही.

पण त्याही आधी सहा वर्षांचा हिशेब नीट मांडू. नियमित संबंध असताना, कोणतंही साधन न वापरता बारा महिन्यांत दिवस गेले नाहीत तर डॉक्टर तपासण्या सुरू करतात. बाईचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. यात मोजायचे असतात ते एकत्र राहिलेले महिने. गलाईवाल्यांच्या घरात लग्नाची वर्षं वेगळी आणि संसाराची वर्षं वेगळी, हे खानापूर-आटपाडीत कुणाला समजावून सांगायला नको. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर फार तर एक दिवस टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे महिन्यातले दिवस राहण्याजोगे दिवस जेमतेम सहा. दिवाळीची आठ-दहा दिवसांची सुट्टी आणि ते सहा दिवस यांची गाठ पडली नाही, की पुढची संधी थेट यात्रेला. अशा चार वर्षांवरून तुमच्या शरीराबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मोजायचं ते दीड वर्ष. ते बारा महिन्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून तपासण्या करणं योग्यच आहे. पण 'सहा वर्षं मूल नाही' आणि 'दीड वर्ष प्रयत्न केला' या दोन वाक्यांवरून डॉक्टरांचा सल्ला बदलू शकतो. तुमच्या फाइलवर काय लिहिलंय ते बघा. नुसतं 'लग्नाला ६ वर्षं' असेल तर पुढच्या भेटीत खरा हिशेब सांगून लिहून घ्या.

आणि आता नवरा तमिळनाडूत असताना दर महिन्याला होणारी ती सोनोग्राफी. अंडं कधी फुटतं हे बघायचं कशासाठी, तर त्या दिवसांत संबंध यावा किंवा नवऱ्याचं वीर्य गर्भपिशवीत सोडता यावं यासाठी. नवरा इथे नाही आणि त्याचा नमुनाही गोठवून ठेवलेला नाही, मग त्या महिन्याच्या सोनोग्राफीतून काय साधणार? हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का, ते पत्रातून कळत नाही. कदाचित त्यांना माहीतच नसेल. कदाचित माहीत असून कुणी विचारत नाही म्हणून चालू असेल. मला या गोष्टीचा खरंच राग आला. दर वेळी जाण्यायेण्याचा खर्च, तपासणीचे पैसे, त्या टेबलावर झोपणं आणि घरी आल्यावर 'काय म्हणाले डॉक्टर?' हे सगळं तुम्ही आठ महिने एकटीनं सोसलंय. डॉक्टरांना सरळ विचारा, 'मिस्टर इथे नाहीत, तर ही तपासणी या महिन्यात कशासाठी?' समाधानकारक उत्तर नसेल तर ते येईपर्यंत थांबवा.

आता मिस्टरांची तपासणी. मूल न होण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण असतं, कधी एकट्या त्याच्याकडे, कधी दोघांकडे मिळून. त्याचा सहसा घराण्याशी संबंध नाही, ताकदीशी नाही, शरीरसंबंध नीट येतो की नाही याच्याशीही नाही. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत तर विचारायलाच हवं असं कारण समोर आहे. अंडकोष शरीराबाहेर असतात, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा साधारण दोन अंश कमी तापमान लागतं. आणि हा माणूस वर्षानुवर्षं सोनं-चांदी वितळवायच्या भट्टीपुढे बसतोय. सततच्या धगीनं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते. शिशाचा संपर्क आणि तंबाखू यांचाही परिणाम होतो, आणि आपल्या भागात मावा किती जणांच्या गालात असतो ते आपण बघतोच. कुणी ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर त्यानं शुक्राणू तयार होणं जवळजवळ बंदही पडू शकतं. मिस्टरांकडे दोष आहेच असं मी म्हणत नाही. पण हे सगळं एका साध्या तपासणीत कळतं. ती तुमच्या नळ्यांच्या तपासणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, तिला सुई नाही, भूल नाही, दुखणं नाही.

त्यासाठी त्यांना गावी यायचीही गरज नाही. जिथे आहेत त्या शहरात वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत वीर्यतपासणी होते. त्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा वीर्यपतन नको. नमुना शक्यतो तिथेच द्यावा. घरून न्यायचा झाला तर अंगाच्या उबेत धरून तासाभराच्या आत पोचवावा. गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर ते सांगावं, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि जुन्या तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टात दिसतो. पहिला रिपोर्ट कमी आला तर दुसऱ्या नमुन्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची पातळी धरली आहे. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही, असा अर्थ नाही. भट्टीसमोरचे तास कमी करणं, मावा सोडणं, अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर त्यांचा इलाज अशा बऱ्याच गोष्टी करता येतात आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासून फरक बघता येतो.

हे त्यांना सांगायचं कसं, इथे तुमचं अडलंय असं मला वाटतं. दुकानात सगळी गाववाली माणसं असतात, एकत्र राहणं, एकत्र जेवण. तिथे असली गोष्ट फुटली तर ती त्यांच्याआधी विट्यात पोचते, ही भीती त्यांना असणारच आणि ती खोटी नाही. म्हणून फोन ते एकटे असतील तेव्हा करा. दोष कुणाचा, हा विषयच काढू नका. एवढंच म्हणा : 'माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, आता डॉक्टरांना तुमचा रिपोर्ट लागतोय. दुकानापासून लांबच्या लॅबमध्ये करा आणि फक्त मला पाठवा. घरात कुणाला सांगायचं ते आपण दोघं ठरवू.' शेवटचं वाक्य नक्की म्हणा. बरेच नवरे तपासणीपेक्षा रिपोर्ट आईच्या हातात पडेल याला जास्त घाबरतात.

एएमएचची भीती मात्र थोडी बाजूला ठेवा. ही रक्ततपासणी अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा अंदाजे किती उरलाय ते सांगते. टेस्ट ट्यूब बेबीसाठी इंजेक्शनं दिली तर किती बीजं मिळतील, याचा अंदाज बांधायला ती उपयोगी आहे. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे ती सांगत नाही, बीजांचा दर्जाही सांगत नाही. दर्जा मुख्यतः वयावर असतो, आणि तुम्ही ३१ वर्षांच्या आहात. १.४ हा आकडा तुमच्या वयाला भरपूर नाही, पण आजच घाई करावी असाही नाही. नवऱ्याचा रिपोर्ट न बघता एएमएचवरून टेस्ट ट्यूब बेबी सुचवणाऱ्या ठिकाणी मी तरी दुसरं मत घेतल्याशिवाय पुढे गेले नसते.

दुसरं मत घ्यायला जाताना फाइल बरोबर असू द्या. सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा, नळ्यांच्या तपासणीची एक्स-रे फिल्म मागून घ्या, कोणत्या महिन्यात कोणत्या गोळ्या घेतल्या ते एका कागदावर लिहा, पाळीच्या तारखा लिहा. फिल्म जवळ नाही म्हणून तीच दुखरी तपासणी पुन्हा करून घेतलेल्या बायका मी पाहिल्यात. सुरुवातीचा सल्ला आणि साध्या तपासण्यांसाठी सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथल्या स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत गर्दी असते, वेळ जातो. पण तिथल्या डॉक्टरांना तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं. दिवस राहायची वाट बघत असताना रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यायची असते. ती चालू नसेल तर त्याच भेटीत विचारा.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात सांगते. बोलणारा डॉक्टर कोणत्या सेंटरचा आहे आणि शेवटी कुठे फोन करायला सांगतो, ते बघा. शेवटी फोन नंबर असेल तर ती जाहिरात समजा, माहिती बरोबर असली तरीही. डोक्यात आलेला प्रश्न वहीत लिहा आणि फोन दहा वाजता दुसऱ्या खोलीत ठेवा. रात्री दोनला मिळालेल्या उत्तरानं कुणालाच झोप आलेली नाही.

पुढे कधी टेस्ट ट्यूब बेबीची वेळ आलीच, तर कायदा तुमच्या बाजूला आहे हे माहीत असू द्या. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी लागते, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र तुम्ही मागू शकता. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, जुळ्या-तिळ्यांचा धोका हे सगळं समजावून सांगणं केंद्रावर बंधनकारक आहे, दोघांची लेखी संमती लागते आणि तक्रार ऐकण्याची सोयही केंद्रात असावी लागते. 'सत्तर टक्के यश' असं कुणी सांगितलं, तर विचारा : माझ्या वयाच्या बायकांमध्ये, सुरू केलेल्या उपचाराच्या दर शंभर फेऱ्यांमागे किती जणींनी मूल घरी नेलं? नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या सांगू नका. खर्चाचा कागद इंजेक्शनं, गर्भ गोठवणं आणि दुसऱ्यांदा सोडणं हे सगळं धरून मागा. आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत, म्हणून कार्डाच्या भरवशावर राहू नका. एका फेरीला लाखाच्या वर जातात आणि पहिल्याच फेरीत यश येईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. तेव्हा किती फेऱ्यांपर्यंत जायचं आणि कोणता दागिना मोडायचा नाही, हे दोघांनी आधी ठरवा.

वैदूचं औषध घेऊ नका. मूल मुलगा की मुलगी हे दिवस राहतात त्या क्षणी शुक्राणूवरून ठरतं, त्यानंतरच्या कोणत्याही पुडीनं ते बदलत नाही. मुलगा व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या अशा औषधांत संप्रेरकांसारखं काम करणारे घटक आढळले आहेत आणि त्यांनी पोटातल्या बाळाला व्यंग होण्याचा धोका असतो. नाव-गाव नसलेल्या भस्मात शिसं असू शकतं. सासूबाईंशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. 'डॉक्टरांनी चालू गोळ्यांबरोबर दुसरं काही घ्यायला मनाई केलीय,' एवढं सांगा. डॉक्टरांना ती पुडी दाखवा, म्हणजे ते खरंही होईल. आणि कुणी बाबा-बुवा 'मूल देतो, बाईला एकटीला पाठवा' म्हणाला तर तिथे पाऊल ठेवू नका. अशा फसवणुकीसाठीच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात शिक्षा आहे.

बोलायचं कुणाशी, हे तुमचं दुसरं विचारणं. जगभरात दर सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत तुमच्यासारख्या बायका आहेतच. त्याही तुमच्यासारख्याच गप्प आहेत. तरी सगळ्यांना सांगत सुटू नका, कारण जितक्यांना कळेल तितके दर महिन्याला विचारतील. दोन माणसं निवडा. एक माहेरचं, आई किंवा बहीण, जिच्यापुढे रडता येईल आणि जी लगेच उपाय सांगणार नाही. दुसरं असं कुणीतरी, जे दवाखान्यात बरोबर येईल. मिस्टर लांब आहेत तोवर तरी एकटीनं जाणं बंद करा. डॉक्टर बोलतात त्यातलं निम्मं आपल्याला ऐकूच येत नाही, दुसऱ्या माणसाला ते आठवतं.

ज्या रात्री हे सगळं असह्य होईल, तेव्हा १४४१६ हा टेली मानसचा नंबर लावा. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कुणाला नाव सांगावं लागत नाही. त्याला वेड लागावं लागत नाही हो, दर महिन्याला पाळी आली की दोन दिवस जेवण जात नाही, एवढं कारणही पुरेसं आहे.

दुसऱ्या लग्नाचा विषय मात्र मी हलक्यात घेणार नाही. पहिलं लग्न कायम असताना हिंदू विवाह कायद्यानुसार दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि ते करणं हा गुन्हाही आहे. आणखी एक गोष्ट फार कमी बायकांना माहीत असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मूल होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणं, अपमान करणं हा शाब्दिक आणि मानसिक छळ म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा संरक्षण अधिकाऱ्यांकडे त्याची दाद मागता येते. उद्याच तक्रार करा असं मी म्हणत नाही. पण विषय पुन्हा निघाला तर नवऱ्यानं स्वतः आईला 'हे घरात पुन्हा बोलायचं नाही' असं सांगायला हवं. ते त्यांचं काम आहे, तुम्ही ते अंगावर घेऊ नका.

डोहाळजेवणाचं तुम्हाला काय वाटतं, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. सासूबाई काय म्हणाल्या तेवढंच लिहिलंत. जावंसं वाटत असेल तर आधी जाऊबाईंना एकटं गाठून विचारा. तुमच्या हातून ओटी भरून घ्यायला त्यांची स्वतःची हरकत नसेल, तर सासूबाईंना तसं त्यांनीच सांगावं. पहिलटकरणीचा शब्द त्या दिवशी कुणी मोडत नाही. आणि जायला मनच धजत नसेल, तर त्या दिवशी माहेरी तासगावला जा. त्यात मत्सर नाही, जाऊबाईंचं वाईट चिंतणंही नाही. तुम्ही दमलाय एवढंच.

मिस्टर दिवाळीपर्यंत येणार नसतील, तर तुम्हीच काही महिने तमिळनाडूत जाऊन राहण्याचा विषय काढा. उपचार जिथे दोघं एकत्र आहात तिथेच व्हायला हवेत, आणि तिथेही चांगले दवाखाने आहेत. भाषेची अडचण वाटेल, पण मिस्टरांना तिथली भाषा येते आणि त्या निमित्तानं तेही दवाखान्यात बरोबर बसतील. त्यांचा रिपोर्ट आला की नाव न लिहिता मला कळवा. पुढच्या डॉक्टरांना काय काय विचारायचं, त्याची यादी आपण मिळून करू.